गरोदरपणात साखर का वाढते? : पार्श्वभूमी

कर्नाटकातल्या निपाणी-खानापूर भागात गरोदर बाईला साखर निघाली की पहिला ठपका तिच्या खाण्यावर येतो. डोहाळजेवणात कुंदा जास्त झाला, भात सोडवत नाही, असं घरचेच बोलून दाखवतात. हा ठपका अन्यायाचा आहे.

१८२४ साली बर्लिनमध्ये हाइनरिश बेनेविट्झ यांनी प्रबंधात एका बाईची हकीकत नोंदवली. पाचव्या खेपेची गरोदर, तहान भागेना, लघवीत साखर. बाळ बारा पौंडांचं होतं, ते प्रसूतीत दगावलं. बाळंतपणानंतर मात्र तिची साखर गेली. ती का गेली, हे समजायला शतकाहून जास्त काळ लागला. वार (प्लॅसेंटा) बाळाला पोसते, तशी संप्रेरकंही सोडते. त्यांतलं प्लॅसेंटल लॅक्टोजेन १९६२ साली सापडलं. बाळाला साखर कमी पडू नये म्हणून ही संप्रेरकं आईच्या शरीरात इन्सुलिनचा जोर कमी करतात. बहुतेकींचं स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन तयार करून निभावून नेतं. ज्यांचं तेवढं चालत नाही, त्यांची साखर चढते. आईवडिलांना मधुमेह, आधीपासूनचं जास्त वजन, पीसीओएस (अंडाशयाचा संप्रेरकांशी निगडित विकार), वाढलेलं वय, आधीच्या खेपेचं मोठं बाळ, यांनी हा धोका वाढतो.

पण अंगानं बारीक सूनही यातून सुटत नाही, आणि याचं उत्तर आपल्या मातीत सापडलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोची, हातापायांनी काटकुळी, पण चरबी राखून असलेली निघाली. पोटात असताना पोषण कमी पडलेली अशी मुलगी मोठी होऊन गरोदर राहते, तेव्हा तिचं स्वादुपिंड आधीच तोकडं पडण्याची शक्यता असते. म्हणजे आजच्या साखरेचं एक मूळ तिच्या आईच्या ताटापर्यंत जातं.

तपासणी खेड्यात आणली ती चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी. बाई उपाशी असो वा जेवलेली, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचं आणि दोन तासांनी रक्त घ्यायचं. साखर १४० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा, मग २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

आपल्याकडे गोची इथंच होते. महाराष्ट्रातल्या चंदगडची सून पहिल्या बाळंतपणाला खानापूरला माहेरी येते, ती नेमकी याच सुमाराला. तिकडचं कार्ड मराठीत, इकडचं तायी कार्ड (गरोदर बाईच्या तपासण्यांचं कार्ड) कन्नडमध्ये. दुसरी तपासणी पलीकडे झालीच असेल, असं दोन्हीकडचे धरून चालतात. निघण्याआधी ती करून घ्यावी आणि आकडा कार्डावर लिहून आणावा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा ग्लुकोज प्यायचं असतं, तेव्हाही ती बहुधा माहेरीच असते.