माल दिला की बाग लिहून दिली?

इन्स्टाग्रामवर तुम्ही गोदाघाटाचं जलरंगातलं चित्र टाकता. दोन दिवसांनी मेसेज येतो: ‘चित्र आवडलं. कॅलेंडरला घ्यायचंय. मोठी फाईल पाठवा, पैसे लगेच जीपे करतो.’ आनंद होतो, होणारच. पण ‘घ्यायचंय’ म्हणजे काय? एका कॅलेंडरपुरतं वापरायला, की कायमचं? आम्ही चित्रकार मंडळी दोन्हीला ‘चित्र दिलं’ असंच म्हणतो आणि नुकसान तिथूनच सुरू होतं. नाशिकचा 2027 चा सिंहस्थ जवळ येतोय. रामकुंडाच्या, घाटाच्या चित्रांना आता मागणी येणार, म्हणून हे आत्ताच नीट समजून घेऊ.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराला हा फरक शिकवावा लागत नाही. व्यापारी बागेत येतो, मणी चाखून बघतो, किलोचा भाव ठरतो, क्रेट भरून माल जातो. वेल, जमीन, सातबारा जिथल्या तिथे. पुढची छाटणी तुमची, पुढचा हंगामही तुमचा. चित्राचा परवाना, म्हणजे लायसन्स, हे असं माल देणं आहे. अमुक कामासाठी, अमुक मुदतीपुरतं वापरा, कॉपीराइट, म्हणजे चित्राच्या प्रती काढण्याचा आणि ते वापरू देण्याचा हक्क, माझाच. करारात ज्याला ‘असाइनमेंट’ म्हणतात ते हक्कांचं हस्तांतरण म्हणजे बागच लिहून देणं. त्यानंतर तेच चित्र दुसऱ्या कुणाला द्यायचं, त्याचे प्रिंट काढून विकायचे, तर नव्या मालकाला विचारावं लागतं.

मी ही चूक केलेली आहे. सुंदर नारायण मंदिराचं माझं एक जुनं चित्र एका मिठाईवाल्यांना दिवाळीच्या बॉक्ससाठी हवं होतं. 4,000 रुपये ठरले. सोबत अर्ध्या पानाचा कागद आला, त्यात ‘सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी, सर्व हक्कांसह’ अशी एक ओळ होती. मी बॉक्सचाच विचार करत होतो, सही केली. तीन वर्षांनी रविवार कारंजावर मान वर केली तर समोर त्याच मिठाईवाल्यांच्या फ्लेक्सवर माझंच चित्र. खालचा उजवा कोपरा कापलेला, म्हणजे नेमकी माझी सही गेलेली.

त्या ओळीनं किती घेतलं, हे मला नंतर कायदा वाचल्यावर कळलं. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्याच्या कलम 19 प्रमाणे हस्तांतरण लेखी हवं आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. नुसत्या तोंडी ‘हो’नं हक्क जात नाहीत. मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कागद गप्प असला तर कायदा कलाकाराच्या बाजूनं बोलतो. ‘कायमस्वरूपी’ हा एक शब्द त्या 5 वर्षांवर पाणी सोडायला लावतो. एरवी कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं, म्हणजे आपल्या नातवंडांपर्यंत पुरणारा असतो.

एक गोष्ट मात्र बाग लिहून दिली तरी आपल्याकडेच राहते. कलम 57 प्रमाणे हे काम माझं आहे असं सांगण्याचा, आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी चित्राची मोडतोड रोखण्याचा हक्क हस्तांतरणानंतरही कलाकाराचाच. मिठाईवाल्यांना मी फोन करून एवढंच सांगितलं. जास्तीचे पैसे मिळाले नाहीत, पण पुढच्या छपाईत कोपऱ्यात नाव आलं.

ऑर्डरच्या चित्रांचं गणित याच्या उलट आहे आणि ते फार कमी जणांना माहीत असतं. कुणी मोबदला देऊन तुमच्याकडून पोर्ट्रेट किंवा पेंटिंग मुद्दाम काढून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास कलम 17 प्रमाणे कॉपीराइटचा पहिला मालक तोच ग्राहक. इथे कागद गप्प राहिला तर नुकसान आपलं. ऑनलाइन कमिशन, म्हणजे ऑर्डरची चित्रं, घेणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: अॅडव्हान्स घेण्याआधीच कॉपीराइट कुणाचा, हे लेखी ठरवा.

बाकी ऑनलाइन कमाईचे मार्ग या चष्म्यातून पाहिले की सोपे वाटतात. पेट्रिऑनसारख्या ठिकाणी लोक दरमहा वर्गणी देतात. त्यात कुणाला काही हक्क लिहून द्यावे लागत नाहीत. रेडबबलसारख्या साइटवर टी-शर्ट, मग, प्रिंट विकले जातात, तो परवाना झाला, आणि चित्र पुन्हा काढूनही घेता येतं. इन्स्टाग्रामसुद्धा खातं उघडताना बिनमोबदल्याचा परवानाच घेतं, मालकी नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे ठरलेल्या अटींवर कुणालाही चित्र फुकट वापरू देणं, हाही परवानाच, फक्त सगळ्या जगाला दिलेला. पण एकदा दिला की मागे घेता येत नाही, म्हणून ज्या चित्रावर पोट आहे ते मी तिथे ठेवत नाही. लोगो स्पर्धांच्या अटी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा, कारण तिथे बक्षिसाच्या बदल्यात बहुतेक वेळा पूर्ण हस्तांतरणच मागतात.

हस्तांतरण कधीच करू नये असं नाही. एखाद्या दुकानाचा लोगो दुसऱ्या कुणाच्या कामाचा नसतो, तो लिहून द्यावा. फक्त भाव मग बागेचा लावायचा, क्रेटचा नाही.

परवा आलेल्या कॅलेंडरवाल्यांना मी फाईलआधी हे पाठवलं: ‘चित्र: गोदाघाट, सकाळ. वापर: 2027 चं भिंतीवरचं कॅलेंडर, फक्त छापील, 1,000 प्रती. चित्राखाली चित्रकाराचं नाव. इतर वापरासाठी वेगळी परवानगी. कॉपीराइट चित्रकाराकडे.’ मला वाटलं होतं, माणूस गेला. त्यांनी एवढंच विचारलं, ‘दादा, प्रती दोन हजार केल्या तर किती?’