पैसे गेले की नाही, हे सर्व्हरलाही माहीत नसतं

दुकानात यूपीआयने पैसे देताना पडद्यावर ‘पेंडिंग’ आलं, की मागे उभं असलेलं कुणीतरी हमखास सल्ला देतं, ‘नेट गेलं असेल, परत स्कॅन करा.’ या सल्ल्यामागे एक समजूत आहे. व्यवहार एकतर झाला असणार नाहीतर फसला असणार, बँकेच्या कॉम्प्युटरला ते पक्कं ठाऊक असणार, फक्त आपल्याला कळायला उशीर होतोय. प्रत्यक्षात त्या क्षणी बँकेच्या कॉम्प्युटरलाही ते माहीत नसण्याची पूर्ण शक्यता असते. आणि त्यात कुणाचा गलथानपणा असतोच असं नाही.

प्रोग्रॅम लिहिणारे लोक मोठं काम छोट्या फंक्शनमध्ये वाटून टाकतात. शाळेतल्या गणितातलं फलन आठवा, आत काहीतरी घातलं की बाहेर उत्तर येतं. एकाच मशिनवर ही देवाणघेवाण काही नॅनोसेकंदांत उरकते. पण काम करणारं फंक्शन दुसऱ्या शहरातल्या मशिनवर असेल तर? ब्रूस नेल्सन या अमेरिकी संशोधकाने १९८१च्या पीएचडी प्रबंधात यावर सविस्तर विचार केला आणि १९८४मध्ये अँड्र्यू बिरेल यांच्यासोबत झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत चालवून पाहिलेली व्यवस्था प्रसिद्ध केली. तिचं नाव रिमोट प्रोसीजर कॉल, म्हणजे आरपीसी. प्रोग्रॅमरने नेहमीसारखं फंक्शन बोलवायचं. ते लांब आहे, हे झाकायचं काम मधला ‘स्टब’ नावाचा छोटा प्रोग्रॅम करणार.

कल्पना देखणी होती. नव्वदच्या दशकात कोर्बा, डीकॉम, जावा आरएमआय अशी तिची पिलावळ वाढली. मात्र १९९४मध्येच सन मायक्रोसिस्टिम्स या कॉम्प्युटर कंपनीच्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी बजावलं होतं, की जवळचं आणि लांबचं फंक्शन सारखंच आहे असं भासवणं ही मुळातली चूक आहे.

उशीर हे त्याचं एक कारण. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे नुसतं जाऊन यायला दहा मिलिसेकंद. तेवढ्यात एकाच मशिनवरची लाखो फंक्शनं उरकतात. पण उशीर परवडतो. खरी भानगड वेगळीच आहे.

समजा, मुंबईच्या सर्व्हरने चेन्नईला सांगितलं, ‘या खात्यातून ५०० रुपये वजा कर’, आणि ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही. काय झालं असेल? निरोप जातानाच हरवला असेल. पोचला, पण पैसे वजा व्हायच्या आत चेन्नईचं मशिन बंद पडलं असेल. पैसे वजा झाले आणि उत्तर येताना हरवलं असेल. किंवा काहीच बिघडलेलं नसेल, उत्तर अजून वाटेत असेल. मुंबईत बसून पाहिलं तर चारही वेळा एकच दिसतं: शांतता.

मग पोच मागवा, पोचेची पोच मागवा, असं सुचतं. त्याने भागत नाही, आणि हे सिद्ध झालेलं आहे. १९७५मध्ये मांडल्या गेलेल्या या कोड्याला १९७८मध्ये कॉम्प्युटरशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी दोन सेनापतींचं रूप दिलं. दोन टेकड्यांवर दोन सेनापती, मधल्या दरीत शत्रू. हल्ला दोघांनी एकदमच करायला हवा, पण जासूद दरीत पकडला जाऊ शकतो. आता समजा, ठराविक निरोपांत हल्ल्याची वेळ पक्की करण्याची एखादी रीत आहे, आणि तीत कमीत कमी निरोप लागतात. तिच्यातला शेवटचा निरोप घ्या. तो पोचला की नाही, हे पाठवणाऱ्याला कधीच कळणार नाही, कारण त्यानंतर निरोपच नाही. म्हणजे तो पोचो न पोचो, पाठवणारा हल्ला करणारच. मग दुसऱ्यानेही त्या निरोपाशिवाय हल्ला करायला हवा. म्हणजे तो शेवटचा निरोप फालतू होता! पण आपण तर कमीत कमी निरोपांची रीत घेतली होती. विसंगती आली, तेव्हा अशी रीत नाहीच. फाइव्ह जी येवो नाहीतर पन्नास जी, इथे काही बदलत नाही.

यावरची युक्ती मला फार आवडते: नक्की काय झालं हे कळण्याचा हट्ट सोडायचा आणि तेच काम पुन्हा सांगणं निरुपद्रवी करून टाकायचं. पहिल्यांदा पाठवतानाच व्यवहाराला एक आगळा क्रमांक द्यायचा. उत्तर नाही आलं तर तोच निरोप, तोच क्रमांक घालून, पुन्हा पाठवायचा. झालेल्या व्यवहारांचे क्रमांक चेन्नईचा सर्व्हर एका वहीत लिहून ठेवतो, आणि निरोप आला की आधी ती वही बघतो. क्रमांक नवा असेल तर पैसे वजा करतो. जुना असेल तर पैशाला हात न लावता मागचंच उत्तर परत देतो. अशा कामाला आयडेम्पोटंट म्हणतात.

इथे एक खाच आहे आणि भले भले तिथे अडखळतात. आधी पैसे वजा केले आणि वहीत क्रमांक लिहिण्याआधी वीज गेली, तर पुढच्या निरोपाला पैसे दुसऱ्यांदा जातील. उलट आधी क्रमांक लिहिला आणि मग वीज गेली, तर पैसे कधीच जाणार नाहीत, वर ‘काम झालंय’ असं उत्तर मिळेल. म्हणून दोन्ही नोंदी डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये कराव्या लागतात: दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. वही आणि खातं वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये असतील तर ती हमी जाते आणि दोन सेनापती परत टेकडीवर चढतात.

यूपीआयची रचना या वास्तवाला धरूनच आहे. २०१६मध्ये मुंबईच्या एनपीसीआयने, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, ती आणली, तेव्हा पैसे पाठवण्याच्या विनंतीवर उत्तराची वाट पाहत ताटकळायचं नाही असं ठरवलं. विनंती आली की लगेच फक्त ‘मिळाली’ एवढी पोच; खरा निकाल नंतर स्वतंत्र निरोपाने. प्रत्येक निरोपावर व्यवहाराचा क्रमांक, आणि निकाल आलाच नाही तर ‘या क्रमांकाचं काय झालं’ हे विचारायची वेगळी सोय. ऑगस्ट २०२३मध्ये पहिल्यांदा महिन्याचे व्यवहार हजार कोटींच्या पुढे गेले, म्हणजे सेकंदाला सरासरी जवळपास चार हजार. एवढ्या पसाऱ्यात काही उत्तरं हरवणारच. रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियमही ते धरूनच चालतो: एकाच्या खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा करता आले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत गेले पाहिजेत, नाहीतर दिवसाला शंभर रुपये भरपाई. आपण हाताने परत स्कॅन करतो तेव्हा मात्र नवा क्रमांक तयार होतो. यंत्रणेच्या लेखी तो दुसराच व्यवहार, आणि वरची सगळी युक्ती वाया.

दोन सर्व्हरनी एकमेकांशी बोलायला आरपीसी घ्यावं, रेस्ट (वेबच्या साध्या विनंत्यांनी बोलायची पद्धत) घ्यावं की मेसेज क्यू (निरोप ठेवून घेऊन नंतर पोचवणारी रांग), असं प्रोग्रॅमर नेहमी विचारतात. या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच मी वेगावरून देत नाही. उत्तर आलं नाही तर कोण काय करणार, ते आधी सांगा. शिल्लक नुसती दाखवायची असेल तर थेट विचारा, हरवलं तर पुन्हा विचारा. साधं रेस्ट पुरतं. एकाच कंपनीच्या आतले सर्व्हर सेकंदाला हजारो वेळा एकमेकांशी बोलत असतील तर गूगलचं जीआरपीसी, म्हणजे आरपीसीचाच नवा अवतार, बरं, त्याचे निरोप आटोपशीर असतात. काम नंतर झालं तरी चालणार असेल, पावतीचा एसएमएस वगैरे, तर क्यूमध्ये टाका आणि मोकळे व्हा.

खंडेनवमीला सर्व्हरला झेंडूचा हार घालतात, त्याला माझी हरकत नाही, केबलमध्ये पाणी जाऊ नये इतकंच. पण काफ्का नावाचं क्यूचं सॉफ्टवेअर बसवलं की सगळं सुरळीत होतं, ही श्रद्धा हारापेक्षा महाग पडते. क्यूसुद्धा निरोप देते आणि पोचेची वाट बघते. पोच हरवली की तोच निरोप परत देते. ‘आमच्याकडे प्रत्येक निरोप नेमका एकदाच’ असं कुणी म्हणालं तर अटी वाचाव्यात. ॲमेझॉनच्या एसक्यूएस नावाच्या क्यूच्या फिफो (निरोप आले त्याच क्रमाने देणाऱ्या) प्रकारात एकाच क्रमांकाचा दुसरा निरोप गाळला जातो, पण पाच मिनिटांपुरताच. सहाव्या मिनिटाला तोच परत पाठवला, तर तो नवा म्हणून आत घेतला जातो.