कुत्रा कुणाचा आणि कुत्रा कुठे

६ जून १८३२ रोजी मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, दंगल उसळली, तीही कुत्र्यांवरून. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात म्हणून वर्षातल्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारायची, हा कंपनी सरकारचा नियम तसा जुना होता. त्या साली मुदत वाढवली गेली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. आठ आण्यांपायी शिपायांनी दारातली, पाळलेली कुत्रीही उचलायला सुरुवात केली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. अंत्यविधीत ‘सगदीद’ असते, म्हणजे मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. पारशांचा जमाव शिपायांवर धावून गेला आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. भटका कोणता आणि पाळीव कोणता, हे शिपायाने ओळखायचे कशावरून? आणि आठ आणे समोर दिसत असताना त्याने ते ओळखायचे तरी कशाला?

कुत्र्याच्या गळ्यातल्या बिल्ल्याचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. आज आपण तो हरवलेला कुत्रा घरी यावा म्हणून लावतो, पण सरकारांना त्यात रस होता तो करापायी आणि कुत्रे पकडणाऱ्या गाडीपायी. जर्मनीत कुत्र्यावरचा कर एकोणिसाव्या शतकापासून आजतागायत चालू आहे. तिथे राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना तो भरताना गंमत वाटते. कर भरला की अनेक गावांत पट्ट्याला अडकवायचा नंबराचा बिल्ला मिळतो. ब्रिटनमध्ये १७९६ साली कुत्र्यांवर कर आला, १८६७ मध्ये त्याचे लायसन्स झाले आणि १९८७ मध्ये ते बंद झाले तेव्हा फी होती ३७ पेन्स. वसुलीचा खर्चही त्यातून निघत नव्हता. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या महापालिका पाळीव कुत्र्याचे लायसन्स देतात. ते किती जण काढतात, हे आपल्याच सोसायटीत विचारून पाहावे.

कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात त्या चिपची वाट वेगळी, ती गोठ्यातून आली. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेने, तीच जिथे अणुबॉम्ब घडला, देशाच्या कृषी खात्यासाठी गुरांच्या अंगावर बसवायचा रेडिओ-टॅग तयार केला. त्याला बॅटरी नव्हती. वाचक-यंत्राची लहर पडली की तेवढ्यापुरता जागा होऊन तो आपला नंबर सांगायचा. पुढे तांदळाच्या दाण्याएवढी झालेली आणि खांद्यांमधल्या कातडीखाली सुईने सोडली जाणारी चिप याच तत्त्वावर चालते. यंत्र अंगाला जवळजवळ टेकवावे लागते, आणि मिळतो तो फक्त नंबर. नाव, फोन, पत्ता असतो कुठल्या तरी नोंदवहीत. घर बदलले, फोन बदलला आणि तिथे कळवले नाही, तर चिप असून नसल्यासारखी. ‘चिप बसवली, आता मोबाइलवर दिसेल ना?’ हा प्रश्न डॉक्टरांना आजही ऐकावा लागतो. नाही दिसत.

१९९६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरले: १५ आकडी नंबर आणि १३४.२ किलोहर्ट्‌झची रेडिओलहर. अमेरिकेत मात्र १२५ किलोहर्ट्‌झच्या चिपा आधीच रुळल्या होत्या आणि तिथल्या स्कॅनरना नवी चिप दिसेना. २००४ मध्ये व्हर्जिनियात चिप असलेला एक कुत्रा निवाऱ्यात बेवारस ठरला आणि मारला गेला. १८३२ च्या मुंबईत पट्ट्याच्या खुणेने जो फरक पडला असता, तो इथे यंत्र असूनही पडला नाही. युरोपने पुढे प्रवासासाठी चिपच सक्तीची केली. इथून कुत्रा तिकडे न्यायचा तर आधी चिप, मग रेबीजची लस, मग किमान तीस दिवसांनी रक्ततपासणी आणि त्यानंतर तीन महिने थांबणे. लस चिपच्या आधी टोचली असेल तर सगळे पुन्हा.

इंग्लंडने एप्रिल २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला चिप सक्तीची केली. पण सार्वजनिक जागी पट्ट्यावर मालकाचे नाव-पत्ता हवाच, हा जुना नियम काढला नाही. मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

‘कुत्रा कुठे’ या प्रश्नाचे उत्तर आकाशातून यायला बराच वेळ लागला. अमेरिकी लष्कराचे जीपीएस १९९५ मध्ये पूर्ण झाले, पण सामान्यांना मिळणारा सिग्नल मुद्दाम बिघडवलेला असे. शंभर मीटरची चूक म्हणजे कुत्रा या गल्लीत की पलीकडच्या, काही कळणार नाही. मे २००० च्या सुरुवातीला तो बिघाड बंद केला गेला, तेव्हा कुठे पट्ट्यात जीपीएस घालण्यात अर्थ आला. त्याआधी शिकारी कुत्र्यांच्या आणि जंगली प्राण्यांच्या गळ्यात साध्या रेडिओ कॉलर असत आणि माणूस अँटेना धरून मागे फिरे.

चिप आणि ट्रॅकर यांतला फरक महाराष्ट्राला एका बिबट्याने दाखवला आहे. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या ‘आजोबा’ला विद्या अत्रेय यांच्या अभ्यासगटाने जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडले. तिथून तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत पोहोचला. ही वाट कॉलरने सांगितली. पुढे सिग्नल थांबले. डिसेंबर २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला, तो आजोबाच, हे सांगितले अंगातल्या चिपने.

आता बाजारात कुत्र्यासाठी ट्रॅकर म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. एकात जीपीएस आणि सिमकार्ड असते. उपग्रह फक्त जागा कळवतात, ती आपल्यापर्यंत पोहोचवायची तर मोबाइलची रेंज लागते, महिन्याचे पैसे आणि वरचेवर चार्जिंगही. दुसरा प्रकार म्हणजे अ‍ॅपलचा २०२१ मध्ये आलेला एअरटॅग आणि त्याची भावंडे. त्यात जीपीएस नाहीच. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या फोनने त्याची ब्लूटूथ हाक ऐकली तरच जागा कळते. नाण्याएवढी बॅटरी वर्षभर पुरते खरी, पण हे यंत्र किल्ल्या-बॅगांसाठी आहे, पाळीव प्राण्यांसाठी नाही, असे खुद्द अ‍ॅपल सांगते. कोथरूडमध्ये ते चालून जाईल. गुहागरच्या आडवाटेला आयफोनवाला येईपर्यंत कुत्रा दोन डोंगर ओलांडून गेलेला असेल.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री माळ वाजली आणि पट्टा हिसडून कुत्रा पळाला, तर सकाळी तो सापडतो एखाद्या वॉचमनला, नाहीतर टपरीवाल्याला. त्याच्याकडे स्कॅनर नसतो. मोबाइल असतो, आणि पट्ट्यावर आकडे कोरलेले असतील तर तो ते लावून बघतो. किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानात पितळी बिल्ल्यावर नंबर कोरून मिळतो. कोरलेलाच घ्यावा, छापलेला पहिल्या पावसाळ्यात पुसला जातो.