क्यूबाचं पोताहे मिळून कसं येतं?

रात्री भिजत घातलेलं कडधान्य सकाळी उपसलं की आधी गणंग निवडायचे, ही आमच्या घरची शिस्त. गणंग म्हणजे रात्रभर पाण्यात राहूनही कोरडा ठणठणीत राहिलेला दाणा. मटकीत, कुळथात तो हमखास सापडतो. त्याच्या सालीतून पाणी आत शिरतच नाही. काबुली चण्यात गणंग तसे कमी, कारण त्याची साल आपल्या देशी हरभऱ्याच्या सालीपेक्षा बरीच पातळ असते. पण काबुलीचा त्रास वेगळा आहे. दाणा पाणी पितो, टपोरा होतो, वजनाने जवळजवळ दुप्पट भरतो, कुकरच्या सहा शिट्ट्या होतात आणि तरीही आत कचकचीत राहतो. पाणी भरपूर प्यायलेला दाणा शिजत का नाही, हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट पडला तो क्यूबातलं ‘पोताहे दे गार्बान्सोस’ करायला घेतलं तेव्हा.

पोताहे म्हणजे कडधान्याचा दाटसर रस्सा आणि गार्बान्सो म्हणजे काबुली चणा. त्यात कांदा, लसूण, ढोबळी मिरची आणि टोमॅटो मंद आचेवर परतून केलेला सोफ्रितो पडतो. शिवाय जिरेपूड, तमालपत्र, बटाटा, तांबडा भोपळा आणि चोरिसो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) किंवा हॅमचा एखादा तुकडा. सोबत पांढरा भात. तिखट जवळजवळ नाहीच. क्यूबात ‘आही काचूचा’ नावाची छोटी चपटी मिरची वापरतात, तिला वास असतो पण झोंबत नाही. छोल्यांमध्ये मसाल्याच्या जोरावर जरा कमी शिजलेला दाणाही खपून जातो, इथे खपत नाही. दाणा लोण्यासारखा मऊ आणि तरी अख्खा असला, तरच ते पोताहे.

या पातेल्यात दोन खंड एकत्र नांदतात. चणा, कांदा, लसूण, जिरे, डुकराचं मांस हे सगळं अटलांटिक ओलांडून आलं. कोलंबसाच्या १४९३ सालच्या दुसऱ्या सफरीत जहाजांवर जे बियाणं होतं, त्यात चणेही होते. भोपळा, मिरची, टोमॅटो आणि बटाटा मात्र अमेरिका खंडातले. चण्याला कोरडी, थंड हवा मानवते. क्यूबाच्या दमट उन्हाळ्यात तो रुजून राहिला नाही, त्यामुळे तिथल्या पातेल्यात पडणारा दाणा बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो. आणि प्रवास केलेला, कोठारात पडून राहिलेला दाणा शिजायला कठीण जातो. पोताह्याची खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

चण्याच्या दाण्यात लाखो पेशी असतात. प्रत्येक पेशी म्हणजे पिष्ट आणि प्रथिनांनी भरलेली एक थैली. या थैल्या एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थामुळे. पेरूची जेली ज्याच्यामुळे थिजते, तेच हे पेक्टिन. शिजणं म्हणजे पिष्ट फुगणं, असं आपण समजतो. पण पिष्ट ६५-७० अंश सेल्सिअसच्या आसपासच फुगायला लागतं, ते फारसं अडवत नाही. अडवतो तो हा पेक्टिनचा डिंक. तो विरघळला की पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पण फुटत नाहीत. जिभेवर येतात त्या अशा सुट्या, गुबगुबीत थैल्या, म्हणून दाणा लोण्यासारखा लागतो. पेशी फुटल्या असत्या तर पिष्ट बाहेर सांडून सगळं चिकट झालं असतं.

आता या डिंकाला पक्कं करणारा गडी म्हणजे कॅल्शियम. पेक्टिनच्या लांब साखळ्यांवर ऋण भार असतात आणि कॅल्शियमवर दोन धन भार. एक कॅल्शियम दोन साखळ्यांना दोन्ही हातांनी धरून ठेवतो. मॅग्नेशियमही तेच करतं, जरा कमी जोराने. ताज्या दाण्यात हे दोघे फायटेट नावाच्या संयुगाला बांधलेले असतात. दाणा उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिला, की त्याच्यातलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, हे फायटेट तोडतं. मोकळे झालेले कॅल्शियम-मॅग्नेशियम पेशींच्या मधल्या पेक्टिनकडे जातात आणि डिंक घट्ट करतात. असा दाणा पाणी पितो, फुगतो, पण मऊ होत नाही. गणंगाचा दोष सालीत असतो, या दाण्याचा दोष पार आत असतो. हवानाच्या गोदामात काय किंवा कोकणातल्या पावसाळ्यात काय, हवा दाण्याला म्हातारं करते. म्हणून चणे थोडे आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वर्षाचं सामान भरायच्या मोहात काबुली चणे घेऊ नका, असं मी कळकळीने सांगेन.

कॅल्शियम बाहेरूनही येतो. क्यूबाची बरीचशी जमीन चुनखडीची आहे. हवाना शहराला व्हेंतोच्या झऱ्यांचं पाणी आणणारी, अभियंता फ्रान्सिस्को दे अल्बेआरच्या नावाने ओळखली जाणारी जलवाहिनी १८९३ साली पूर्ण झाली. त्या झऱ्यांचं पाणी अशाच चुनखडीतून झिरपत येतं. चुनखडीतलं पाणी म्हणजे जड पाणी, कॅल्शियमने भरलेलं. मराठवाड्यात बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून पिण्याचं गोडं पाणी डाळीसाठी राखून ठेवणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. असं पाणी आधी खळखळून उकळून, निववून, वरचं नितळ घेतलं तर थोडा कॅल्शियम तळाशी पांढऱ्या थरात बसतो. केटलीच्या बुडाला जमतो तोच हा थर.

मग यावर उपाय काय? पहिला उपाय मीठ, आणि तोही भिजवतानाच. मिठाने कडधान्य दडदडीत राहतं, म्हणून ते शेवटी घालायचं, असं आपण लहानपणापासून ऐकलं आहे. प्रत्यक्षात मिठाचं सोडियम पेक्टिनमधल्या कॅल्शियमची जागा घेतं. सोडियमवर धन भार एकच, त्यामुळे त्याला दोन साखळ्या बांधता येत नाहीत. डिंक सैल पडतो. २५० ग्रॅम चण्यांना एक लिटर पाणी आणि तीन चमचे मीठ, रात्रभर. सकाळी ते पाणी फेकून द्यायचं, त्यामुळे रस्सा खारट होत नाही. दुसरा उपाय खायचा सोडा. स्पेनमध्येही चणे भिजवताना चिमूटभर सोडा घालणारी घरं आहेत. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि अशा पाण्यात पेक्टिनच्या साखळ्या उष्णतेने भराभर तुटतात. पण हात आवरायला हवा. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, साल गळते आणि बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. माझं मत विचाराल तर दाणा बऱ्यापैकी ताजा असताना मीठ पुरतं. सोडा फक्त जुन्या दाण्यासाठी ठेवावा, तोही पाव चमचा आणि भिजवण्याच्याच पाण्यात. एकदा तीन वाट्यांमध्ये चणे भिजवून बघा, एकीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं, तिसरीत सोड्याचं. तिन्ही वेगवेगळ्या पातेल्यांत सारखाच वेळ शिजवा आणि अंगठा-तर्जनीत दाबा. बोटांना लागलीच फरक समजतो.

स्पॅनिश स्वयंपाकघरातला आणखी एक नियम क्यूबातही पोचला: चवळी-राजम्यासारखं कडधान्य थंड पाण्यात चढवावं, चणे मात्र गरम पाण्यात टाकावेत. शिजताना पाणी आटलं तर चण्यात वाढीव पाणीही उकळतंच घालायचं. ऐकायला हे रूढीसारखं वाटतं. पण वनस्पतींच्या पेशींमध्ये एक विकर असतं, ते साधारण ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान जोरात काम करतं आणि पेक्टिनवर कॅल्शियम धरून ठेवायला आणखी जागा मोकळ्या करतं. थंड पाण्यातून हळूहळू तापणारा दाणा या टापूत बराच वेळ घालवतो. उकळत्या पाण्यात पडलेला तो पट्टा झटकन ओलांडतो आणि विकरच निकामी होतं. नियम घालून देणाऱ्या बायकांना विकराचं नाव माहीत नव्हतं, पण हाताखालचा दाणा त्या ओळखत होत्या.

प्रेशर कुकर आल्यावर यातला बराच ताण गेला. वाफ कोंडली की पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या जवळ जातो आणि डिंक विरघळण्याचा वेग अनेक पटींनी वाढतो. क्यूबात तर कुकर हा राष्ट्रीय धोरणाचा विषय झाला. विजेचा आणि इंधनाचा तुटवडा असताना ८ मार्च २००५ रोजी, जागतिक महिला दिनाच्या भाषणात, फिदेल कास्ट्रोंनी घरोघर प्रेशर कुकर आणि भाताचे विजेवरचे कुकर सवलतीत देण्याची घोषणा केली. जिथे १९६२ पासून कडधान्यही शिधापुस्तिकेवर मोजून मिळतं, तिथे दोन तासांची चूल वीस-पंचवीस मिनिटांवर आणणं ही केवढी मोठी गोष्ट असेल! आपल्याकडे मिठात भिजवलेले चणे एका शिट्टीनंतर मंद आचेवर वीस मिनिटं ठेवले तर बोटचेपे होतात. कुकरची वाफ आपली आपण जिरू द्या. शिट्टी उचलून दाब एकदम सोडला तर दाण्यातलं पाणी क्षणात उकळतं आणि सालं फाटतात.

इथपर्यंत सोफ्रितोला हात लावलेला नाही, आणि लावायचाही नाही. टोमॅटोत आम्ल असतं आणि क्यूबात सोफ्रितोत बऱ्याचदा ‘विनो सेको’ म्हणजे स्वयंपाकाची कोरडी वाइन पडते, तीही आंबट. आम्लात पेक्टिन सावकाश विरघळतं. टोमॅटोत टाकलेला कच्चा चणा तासन्‌तास उकळूनही कडक राहतो तो यामुळेच. आधी दाणा पूर्ण शिजवायचा, मग आंबट. बटाट्यालाही हाच न्याय लागू पडतो, म्हणून मी बटाटा आणि भोपळा चण्यांच्या पाण्यात आधी टाकते आणि बटाटा अर्धा शिजला की सोफ्रितो ओतते. याचा एक उपयोग आपल्या गोव्याकडेही आहे. स्पॅनिश चोरिसो मिळाला नाही तर गोव्याचं चोरिस वापरता येतं, दोन्ही आयबेरियाच्याच, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या, घराण्यातली. पण गोव्याच्या चोरिसात व्हिनेगर आणि तिखट मिरची असते. ते चण्यांबरोबर कुकरमध्ये घातलं तर दाणा दगा देतो. वेगळं परतून शेवटीच घालावं.

सोफ्रितो आणि फोडणी यांच्यात मला सख्ख्या बहिणींसारखं नातं दिसतं. दोन्ही ठिकाणी काम एकच, वास आणि रंग तेलात उतरवायचा. जिऱ्याचा वास देणारं क्युमिनाल्डिहाइड पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात लगेच विरघळतं. चोरिसोतल्या पाप्रिकाचा, म्हणजे लाल मिरचीच्या पुडीचा, रंगही तेलाचाच सोबती. क्यूबात ‘बिहा’ म्हणजे आपल्या शेंदरीच्या बिया तेलात गरम करून केशरी रंग काढतात, तो बिक्सिन या द्रव्याचा. फरक आचेत आहे. फोडणी कडकडीत तेलात काही सेकंदांत होते, सोफ्रितोला मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं हवीत. कांद्यातलं पाणी उडेपर्यंत तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, त्या काळात लसणाचा आणि कांद्याचा उग्रपणा गोडसर होतो. कांदा तांबूस होऊ देऊ नका, नुसता पारदर्शक आणि सोनेरी पुरे. तमालपत्राबद्दलही एक सांगायला हवं. क्यूबातलं पान लॉरेलचं, त्याला निलगिरीच्या जवळ जाणारा गार वास असतो. आपल्या तमालपत्राला तीन लांब शिरा असतात आणि वास दालचिनी-लवंगेचा. पान आपलंच घातलं तर पोताहे पुलावाकडे झुकतं.

मांस नको असेल तर धुरी दिलेली पाप्रिका अर्धा चमचा सोफ्रितोत घाला. लाकडाच्या धुरातले ग्वायकॉल वगैरे फिनॉल त्या पुडीत असतात, त्यामुळे धुराचा वास हॅमशिवायही येतो.

क्यूबातले लोक पोताहे झाल्यावर ते ‘क्वाहार’ व्हायची वाट पाहतात. शब्दशः अर्थ विरजणं, थिजणं. पण आपल्या आमटीला आपण जे म्हणतो तेच याला लागू पडतं, मिळून येणं. भोपळ्याचा डिंक चण्याच्या मानाने फार लवकर विरघळतो. फोडी मोडतात, त्यांचे तंतू आणि पिष्ट रश्शात पसरतात. बटाट्याच्या कडा झिजतात. पळीभर चणे पातेल्याच्या कडेला दाबून मोडले की त्यांच्या पेशीही मिसळतात. म्हणून चणे शिजवलेलं पाणी कधीच ओतू नये. त्यात पिष्ट, प्रथिनं आणि फेस आणणारी सॅपोनिन नावाची द्रव्यं उतरलेली असतात. याच पाण्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस होतो, हे २०१४ साली फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी दाखवलं आणि आज जगभर त्याचे मेरिंग, म्हणजे फेसाची गोड हलकी बिस्किटं, करतात. भिजवलेलं पाणी फेकायचं, शिजवलेलं ठेवायचं. भिजवलेल्या पाण्याबरोबर रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करांचा काही भाग जातो. त्या पचवणारं विकर माणसाकडे नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतात. सगळ्या शर्करा धुऊन जात नाहीत, पण पोट थोडं हलकं राहतं.

जेवायला मात्र घाई करू नका. आच बंद करून अर्धा तास झाकून ठेवा. निवता निवता फुगलेल्या पिष्टाच्या साखळ्या पुन्हा जवळ येतात आणि रस्सा दाट होतो. दाण्यांमध्ये मीठ आणि सोफ्रितोचं तेल हळूहळू मुरतं. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढाल तेव्हा ते जवळजवळ पिठल्याइतकं घट्ट झालेलं असेल. त्यात वाटीभर उकळतं पाणी घालून मंद आचेवर सैल करा आणि गरम भातावर वाढा.