गुंड कधी उचलायचा?

माझ्या भाचीची पाठ वाकडी असल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते गावातल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या. शाळेच्या ड्रेसचं माप घेताना त्या करवादल्या, "सरळ उभी राय ना वं पोरी, एका बाजूनं टॉप वरच चढून रायला!" पोरगी सरळच उभी होती. तिला ओणवं करून पाहिलं तर उजवीकडच्या बरगड्या डावीपेक्षा चांगल्याच वर आलेल्या. वर्ध्याला एक्स-रे काढला, वक्रता ५४ अंश निघाली. वय तेरा.

मग घरात दोषाचं वाटप झालं. दप्तर जड, मोबाइल पाहताना पोक काढून बसते, लहानपणी मालिश नीट झाली नाही. यातल्या कशानंही हे होत नाही. किशोरवयातल्या बहुतेक स्कोलिओसिसचं, म्हणजे पाठीचा कणा असा बाजूला वाकण्याचं, नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे, एवढं नक्की. शंभरातल्या दोन-तीन मुलांच्या मणक्यात १० अंशांहून जास्त वाक असतो, पण ऑपरेशनपर्यंत जाणारी फार थोडी आणि त्यांत मुलीच कितीतरी जास्त. वाक २५ ते ४० अंशांत असेल आणि वाढीचं वय बाकी असेल, तर दिवसाचे बरेच तास पट्टा वापरून तो अनेकदा रोखता येतो. ५० अंशांपलीकडे गेलेला वाक मात्र उंची वाढायची थांबली तरी वर्षाला साधारण अंशभर सरकत राहतो. घाई अशी नसते. दोन ठिकाणी दाखवून ऑपरेशनचं ठरवायला वेळ असतो.

ऑपरेशनच्या आधी आजीनं सर्जनना एकच प्रश्न विचारला. "डाक्टरसाहेब, पोरगी पाण्याचा गुंड कधी उचलन?" आम्ही हसलो. प्रश्न मात्र नेमका होता.

ऑपरेशनमध्ये मणक्यांत स्क्रू बसवून दोन्ही बाजूंनी धातूच्या सळ्या टाकतात आणि वाक शक्य तेवढा सरळ करतात. सगळ्यांच्या डोक्यात राहतात त्या सळ्याच. खरं काम त्यानंतरचं: मणक्यांमधले छोटे सांधे खरवडून तिथे हाडाचा चुरा पसरायचा, म्हणजे ते मणके जुळून एकसंध हाड होतं. सळी म्हणजे स्लॅबखालचं सेंट्रिंग. स्लॅब पक्का होईपर्यंत तिनं भार धरायचा. फरक इतकाच की सळ्या नंतर सहसा काढत नाहीत. हाड जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं. ते जुळलंच नाही, तर पुनःपुन्हा वाकवलेल्या तारेसारखी सळीही कधीतरी तुटते. पंधरा लिटरचा भरलेला गुंड म्हणजे पंधरा किलोच्या वर. म्हणून आजीला उत्तर मिळालं: "पुढच्या दिवाळीनंतर, तेही एक्स-रे बघून."

दुसऱ्या दिवशी तिला उभं केलं. पाचव्या दिवशी सुट्टी. पहिले दोन आठवडे वाईट गेले: कूस बदलायला दोन माणसं लागत, भूक मेलेली, व्रणाभोवतीची कातडी बधिर. सरळ झालेली पाठच तिला तिरकी वाटायची. घरातला संडास उकिडवं बसायचा, त्यामुळे प्लॅस्टिकची कमोड खुर्ची आणली. माझ्या मते तीच सगळ्यात उपयोगी खरेदी. दीड महिन्यानं शाळा सुरू झाली. दप्तर मैत्रिणीकडे, आणि एसटीत मागच्या सीटवर बसायचं नाही, कारण आमच्या रस्त्यावर तिथे माणूस हवेत उडतो.

पुढं वाकता येईल का, हे विदर्भातल्या बाईसाठी पोटाचं गणित आहे. निंदण, कापूस वेचणं, चुलीपुढं बसणं, सगळं वाकून किंवा उकिडवं. वाकण्याचा मोठा भाग खुब्याचे सांधे आणि कमरेचे खालचे मणके करतात. जोडलेले मणके छातीच्या भागातच असतील तर फरक थोडा जाणवतो. जोड कमरेत जितकी खाली जाईल तितका ताठरपणा वाढतो. म्हणून 'कुठपर्यंत जोडणार?' हे सर्जनना आधीच विचारायचं.

अशा रुग्णांसाठी जगभर बावीस प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात: वेदना, हालचाल, मनःस्थिती, स्वतःच्या दिसण्याबद्दलची भावना, उपचारांबद्दलचं समाधान. ऑपरेशननंतर सहसा सर्वांत मोठी सुधारणा दिसते ती दिसण्याबद्दलच्या भावनेत. पाठदुखी सगळ्यांचीच जात नाही. काहींची वर्षांनंतरही थोडीफार उरते, हे आधी सांगितलेलं बरं. भाचीचीही निंदणाच्या दिवसांत दुखते. पण तेरा वर्षांची असताना भर उन्हाळ्यातही ओढणी पाठीवर पसरून फिरणारी ही पोरगी आता वेणी मागं टाकते.

'लेकरं होतील का?' असं शेजारणी कुजबुजत विचारतात. होतात. फक्त कमरेतून भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला जोड कुठपर्यंत आहे ते कळावं लागतं. म्हणून तिच्या एक्स-रेच्या फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड आजीनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सातबाऱ्याच्या कागदांसोबत पेटीत ठेवलंय.