भिंतीवरचा भुरा आणि दिवाळीचा चुना

ठाण्यात काय किंवा वाशी-नेरूळला काय, रंगाऱ्याला बोलावण्याचे हंगाम दोन. एक मे महिन्यातला, दुसरा गणपती तोंडावर आले की. हा दुसरा हंगाम म्हणजे शुद्ध वेडेपणा. जुलैभर भिंत पाणी पिऊन बसलेली असते, हवेतला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास घुटमळत असतो, आणि रंगारी ‘पंखा लावून ठेवा ताई, सुकेल’ म्हणत रोलर फिरवून मोकळा होतो. दसऱ्यापर्यंत कपाटामागच्या कोपऱ्यात पहिला काळा ठिपका उमटतो. मग बुरशी न धरणाऱ्या रंगाचा शोध सुरू होतो आणि हल्ली तो रंग ‘नैसर्गिक’ही हवा असतो.

माझ्या आजोळी, नौपाड्यातल्या चाळीत, अशी निवड करायची वेळच यायची नाही. दसरा उलटला की मागच्या अंगणात चुन्याचं पिंप खदखदायला लागायचं. रंग एकच, दिवस ठरलेले. त्या पिंपापासून आजच्या ‘अँटिफंगल’ डब्यापर्यंत आपण कसे आलो, हे पाहिलं की डब्यावरच्या दाव्यांचं वजन आपोआप कळतं.

बुरशीला तीन गोष्टी लागतात: ओल, खाद्य आणि निवांतपणा. भिंतीच्या पृष्ठभागाशी आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर बरेच दिवस टिकली की हवेतले बीजाणू रुजतात. आपल्याकडे पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे ओल फुकट. उरला प्रश्न खाद्याचा. या भागातली सर्वांत जुनी भिंत कारवीच्या कुडाची, वर माती आणि शेणाचं सारवण. आता पालघर जिल्ह्यात असलेले, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडणारे वारली पाडे आठवा. गेरूने लाल केलेली भिंत आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा चौक. संपूर्ण नैसर्गिक. शेण, पीठ, काड्या, सगळं बुरशीला आवडणारं. ती भिंत टिकायची कारण कुडातून वारा खेळायचा, घरात चूल पेटायची आणि सणाला, लग्नाला भिंत पुन्हा सारवली जायची. बुरशी यायचीच. तिला मुक्काम करू दिला जात नव्हता, इतकंच. नैसर्गिक म्हणजे बुरशीरोधक, हे समीकरण आपल्या आज्यांनी कधी मांडलं नव्हतं.

पक्क्या घरांचा आधार होता चुना. कोकणच्या किनाऱ्यावर शिंपले जाळूनही चुना करत, देशावर चुनखडी. मुंबईतल्या चुनाभट्टीचं नाव या भट्ट्यांवरूनच पडलं. नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेला दगड म्हणजे कळीचा चुना. त्यावर पाणी ओतलं की तो फसफसून तापतो, फुटतो आणि विरतो. बांधकामाचा चुना बैलाच्या घाण्यात मळत, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत. सह्याद्रीतल्या कितीतरी गडांवर त्या घाण्याचा गोल चर आणि दगडी चाक अजून दिसतं. भिंतीला द्यायचा चुना मात्र पातळ. रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, डिंक किंवा सरस घालायचा, पांढरेपणा खुलायला चिमूटभर नीळ. कुंचल्याने एक हात आडवा, एक उभा.

या चुन्यातली खरी गोष्ट त्याच्या तिखटपणात आहे. विरलेल्या चुन्याचा सामू, म्हणजे पीएच, बाराच्या वर असतो. इतक्या अल्कधर्मी जागी बुरशी तग धरत नाही. पण तो तिखटपणा टिकाऊ नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा दगड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, होतो. तेव्हा सामू आठ-नऊपर्यंत उतरतो. म्हणजे दिवाळीचा हात पुढच्या आषाढात बुरशी मारायला तितकासा समर्थ उरत नसे. तरी भिंती बऱ्या राहत, त्याची कारणं दोन. सुकलेला चुना निव्वळ खनिज, त्यात खायला फारसं काही नाही. आणि तो वाफ अडवत नाही, भिंतीने प्यालेलं पाणी आश्विनाच्या उन्हात बाहेर पडू देतो. दिवाळीचा नवा हात सरत्या पावसाळ्याचा भुरा मारायचा आणि गाडून टाकायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. (‘चुना लावणे’ या शब्दप्रयोगाला फसवणुकीचा अर्थ कुणी चिकटवला कोण जाणे. चुन्याइतका सरळ रंग दुसरा नसेल.)

चुन्याला सरकारी हुकमाचं बळ मिळालं ते प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली, १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि घरोघरी शिरून भिंतींना चुना मारण्याची मोहीम निघाली. जोडीला रसकापुराचं, म्हणजे पाऱ्याच्या क्षाराचं, पाणी भिंतींवर फवारलं जायचं. हा पारा लक्षात ठेवा, तो पुढे रंगाच्या डब्यात भेटेल.

कारण भिंत निर्जंतुक करायला विष वापरण्याचा नाद जुना आहे आणि त्याच्या उलट्या बाजूचा इतिहासही तितकाच बोलका. युरोपात एकोणिसाव्या शतकात आर्सेनिकयुक्त हिरव्या रंगाची चलती होती. शील या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ च्या सुमारास तयार केलेला तो हिरवा भिंतीच्या कागदांवर सर्रास असे. आर्सेनिक विष, मग बुरशी मरेल, असं कुणालाही वाटेल. १८९० च्या दशकात इटलीत बार्तोलोमेओ गोसिओने दाखवून दिलं की ओल्या भिंतीवरची काही बुरशी ते आर्सेनिक पचवून त्याचा लसणाच्या वासाचा विषारी वायू करते. विष घातलं, बुरशी जगली आणि धोका घरातल्या माणसांना.

आपल्याकडे चुना मागे पडायची कारणं वेगळी, त्यातलं मोठं कारण भाड्याचं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना किंवा करावीशी वाटेना, आणि दरवर्षीची सफेदी हळूहळू भाडेकरूच्या खिशावर आली. ज्याला स्वतःच्या पैशाने रंग द्यायचा, तो पाच वर्षं टिकणारा रंग शोधणारच. तसे रंग बाजारात येतही होते. शालिमारचा कारखाना १९०२ पासून हावड्याला होता. १९४२ मध्ये, महायुद्धामुळे बाहेरचे रंग येईनासे झाले असताना, गिरगावात चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. पुढे ठाण्याच्या वेशीवर भांडुपला त्यांचा कारखाना उभा राहिला. त्यांच्या जाहिरातींसाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला गट्टू हा पोरगा हातात कुंचला घेऊन मध्यमवर्गीय घरांत शिरला आणि बरोबर डिस्टेंपर आला. अंगाला पांढरं लागत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतो, गुलाबी-पिस्ता-फिकट निळा हवा तो रंग मिळतो. चुन्याला असलं काही जमत नव्हतं.

डिस्टेंपर म्हणजे खडूची भुकटी आणि ती धरून ठेवणारा चिकटा. साध्या डिस्टेंपरमध्ये हा चिकटा सरसाचा किंवा दुधातल्या केसिनचा, धुता येणाऱ्यात तेल. सरस, केसिन, जवसाचं तेल, तिन्ही नैसर्गिक आणि तिन्ही बुरशीची मेजवानी. साठ-सत्तर सालच्या घरांत न्हाणीघराच्या भिंतीवर जी काळी नक्षी उमटायची, तिला ओलीइतकाच हा चिकटाही कारणीभूत होता.

मग इमल्शन आलं, रंगाऱ्यांच्या भाषेत ‘प्लास्टिक’. ॲक्रिलिकचा चिकटा बुरशीला सहज पचत नाही, पण पाण्यावरचा रंग डब्यातच नासतो आणि भिंतीवर त्याच्यातल्या इतर घटकांवर भुरा येतोच. म्हणून त्यात जंतुनाशकं मिसळावी लागतात. अमेरिकेत बराच काळ हे काम पाऱ्याच्या संयुगाने केलं. १९८९ मध्ये मिशिगनमधल्या एका घरात रंगकाम झाल्यावर चार वर्षांच्या मुलाला पाऱ्याची विषबाधा झाली आणि १९९० मध्ये घरातल्या रंगांमधून पारा हद्दपार झाला. आज ती जागा आयसोथायझोलिनोन, झिंक पायरिथिऑन, कार्बेन्डाझिम अशा रसायनांनी घेतली आहे. शेवटचं नाव द्राक्षबागायतदारांना पाठ असेल, तेच हे बुरशीनाशक. ती पाऱ्याइतकी घातक नाहीत, पण पाण्याबरोबर हळूहळू निघून जातात. ‘बुरशीरोधक’ गुण कायमचा नसतो तो यामुळे. शिशाच्या बाबतीत आपल्याकडचे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. त्याआधीचे थर घासताना धूळ अडवणारा मास्क लावा आणि मुलांना बाहेर पाठवा.

रंगाबरोबर भिंतही बदलली, आणि माझ्या मते मोठा घोळ तिथेच झाला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला आणि खाडीपलीकडे सिमेंटचं शहर उभं राहू लागलं. नंतर घोडबंदर रोडवर टॉवर आले. जाड, श्वास घेणाऱ्या चुन्याच्या भिंतीऐवजी सहा इंची किंवा त्याहून पातळ भिंत, बाहेरून पश्चिमेचा मारा. रेती खाडीची असली तर क्षार आयतेच, त्यांनी भिंतीला लोणा लागतो. आतून पुट्टी, हल्ली जिप्सम, वर दोन हात प्लास्टिक. पाणी बाहेरून शिरतं, आतून निघायला वाट नाही, मग रंगाला फुगे येतात आणि पोपडे सुटतात. त्यात खिडक्या बंद करून एसी, घरातच वाळत घातलेले कपडे, आणि बाहेरच्या भिंतीला घट्ट चिकटवलेलं जमिनीपासून छतापर्यंतचं कपाट. बुरशीला हवा तो निवांतपणा यापेक्षा कोण देणार?

आता नैसर्गिक रंगांची लाट. १२ जानेवारी २०२१ रोजी नितीन गडकरींच्या हस्ते खादी ग्रामोद्योग आयोगाचा ‘खादी प्राकृतिक पेंट’ आला. मुख्य घटक गाईचं शेण, तयार करणारी संस्था जयपूरची कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्था, प्रकार डिस्टेंपर आणि इमल्शन असे दोन. बुरशीरोधक हाही गुण त्यात सांगितला आहे. शिवाय महागड्या दुकानांत ‘लाइमवॉश’ नावाने आपला चुनाच मिळतो, आजी पाहती तर हसली असती. तिसरा प्रकार पोटॅशियम सिलिकेटच्या खनिज रंगांचा, जर्मनीत काइम (Keim) या गृहस्थाने १८७८ मध्ये पेटंट घेतलेला.

या सगळ्यांकडे मी एकाच प्रश्नाने बघते: चिकटा कशाचा? चुना किंवा सिलिकेट असेल तर बुरशीला खाद्य नाही आणि वाफेला वाट आहे, पण हे रंग खनिज पृष्ठभागच मागतात. उघडं सिमेंट प्लास्टर किंवा चुन्याचा गिलावा चालतो, जुन्या प्लास्टिकवर मारले तर पापुद्रे निघतात. म्हणजे आधीचा रंग पार खरवडायचा खर्च धरा. चिकटा केसिनचा, स्टार्चचा किंवा वनस्पती तेलाचा असेल तर बैठकीच्या कोरड्या भिंतीला खुशाल द्या, न्हाणीघराशेजारी नको. आणि चिकटा ॲक्रिलिकचाच असेल, तर शेण असो की कडुनिंब, तो इमल्शनचाच भाऊ समजा.

घरगुती उपायाची मला पटणारी कल्पना बागेतली आहे. कोकणात सुपारीच्या कोळे या बुरशीजन्य रोगावर पावसाआधी बोर्डो मिश्रण फवारतात, मोरचूद आणि चुना. मियार्दे या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये द्राक्षांसाठी प्रसिद्ध केलेलं ते मिश्रण. भिंतीवर त्याने निळसर डाग पडतात, म्हणून घरात टाकणखाराचं पाणी बरं. भुरा ओल्या फडक्याने पुसायचा (कोरडा झाडला तर बीजाणू घरभर), टाकणखाराचं पाणी लावायचं आणि भिंत सुकू द्यायची. गळती बाहेरच्या तड्यातून आहे की वरच्या मजल्याच्या नळातून, हे सोसायटीशी भांडून आधी मिटवायचं.

यंदा मी तेच केलं. न्हाणीघरालगतची भिंत जूनमध्ये प्लास्टरपर्यंत खरवडली, कपाट चार बोटं पुढे ओढलं आणि रंगाऱ्याला दसऱ्यानंतरची तारीख दिली. गणपती उघड्या करड्या भिंतीसमोर बसले. मागे आईची जुनी पैठणी लावली. आरतीला आलेल्या शेजारच्या काकूंनी पदर जरा बाजूला करून भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, ‘अजून गारच लागतेय गं.’