विकसित देशांतील घरे आणि कुटुंबे : बदलते प्रकार

युरोप, उत्तर अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया अशा संपन्न देशांत साधारण १९६५ नंतर कोण कोणाबरोबर राहते याचे चित्र पार बदलले. नवरा-बायको आणि त्यांची मुले हा विसाव्या शतकाच्या मध्याचा ठरलेला साचा मागे पडला. एकट्याचे घर, लग्नाविना एकत्र राहणारी जोडपी, एकल पालक, आई आणि वडील यांच्या दोन घरांत आलटून-पालटून वाढणारी मुले, सावत्र नात्यांची कुटुंबे, समलिंगी जोडपी हे सारे प्रकार आता तिथे नेहमीचे आहेत. या विषयात दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. घर म्हणजे एका छताखाली नांदणारा, जनगणनेत मोजला जाणारा घटक. कुटुंब म्हणजे रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकाने जोडलेली माणसे. १९६० च्या सुमारास ही दोन्ही बहुधा एकाच दारामागे सापडत. आता तसे गृहीत धरता येत नाही, आणि आकडे वाचतानाचे निम्मे घोटाळे तिथेच होतात.

आधीचे चित्र

कारखाने आले, एकत्र कुटुंब मोडले आणि विभक्त कुटुंब जन्माला आले, ही पाठ्यपुस्तकी मांडणी वायव्य युरोपला लागू पडत नाही. इतिहासकार पीटर लॅस्लेट यांनी इंग्लंडमधील शंभर पॅरिशांच्या (एका चर्चच्या हद्दीतील वस्त्यांच्या) १५७४ ते १८२१ या काळातील याद्या तपासल्या, तेव्हा दर घरी माणसांची सरासरी ४.७५ भरली; तीही चाकरमाणसे धरून. मुले-मुली कुमारवयातच परक्या घरी चाकरीला जात, पैसे साठवून पंचविशीच्या आसपास लग्न करत आणि लग्न झाले की वेगळी चूल मांडत. उशिरा लग्न आणि बऱ्याच जणांचे अविवाहित राहणे ही रीत रशियातील सेंट पीटर्सबर्ग ते इटलीतील त्रिएस्ते या रेषेच्या पश्चिमेला होती, हे लोकसंख्येचे अभ्यासक जॉन हाय्नल यांनी १९६५ मध्ये दाखवले. जपानची परंपरा निराळी होती. तिथे वारस मुलगा, त्याची बायको-मुले आणि आईवडील एकत्र राहत. या ‘इए’ पद्धतीचा कायदेशीर आधार १९४७ मध्ये नागरी संहिता बदलून काढून घेण्यात आला.

तुलनेसाठी १९५० चे दशक घेतले की चित्र हमखास भडक दिसते. ते दशकच अपवादात्मक होते. अमेरिकेत १९५६ मध्ये स्त्रियांचे पहिल्या लग्नाचे मध्यक वय (निम्म्या जणींचे लग्न ज्या वयाच्या आत होते ते) २०.१ पर्यंत खाली आले होते. आज ते २८ च्या आसपास आहे. लवकर लग्नांच्या शिखरावरून मोजायला सुरुवात केली तर पुढे उतारच दिसणार.

मोजणी आणि तिच्यातील खाचखळगे

घर ठरवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत खाणेपिणे व राहणे सामाईक आहे का हे पाहतात. भारतीय जनगणनेतील ‘एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे’ ही कसोटी याच जातीची. इंग्लंड व वेल्सने २०११ पासून स्वयंपाकाची सोय आणि बसायची किंवा जेवायची खोली सामाईक असण्याची अट ठेवली. दुसऱ्या पद्धतीत एका सदनिकेत नोंदलेली सगळी माणसे म्हणजे एक घर, मग ती एकमेकांशी बोलत नसली तरी चालते. नॉर्डिक (स्वीडनसारखे उत्तर युरोपातील) देश रहिवाशांच्या पत्त्यांच्या सरकारी नोंदवहीवरून मोजतात, म्हणून त्यांना ही दुसरी पद्धत सोयीची पडते. एकच फ्लॅट चार भाडेकरूंनी वाटून घेतला, तर पहिल्या पद्धतीने तिथे चार घरे निघू शकतात आणि दुसरीने एकच. दोन देशांचे आकडे शेजारी मांडण्याआधी हे तपासावेच लागते.

नोंदवहीला लग्न दिसते, प्रेम दिसत नाही. स्वीडनमध्ये एका सदनिकेत नोंदलेले दोघे जोडपे आहेत की भाडेकरू, हे अंदाजाने ठरवावे लागते. दोघांचे मूल असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दोघे भिन्नलिंगी आहेत का, जवळचे नातेवाईक नाहीत ना आणि वयातले अंतर १५ वर्षांहून कमी आहे का, हे पाहून त्यांना जोडपे धरतात. साहजिकच काही मित्र-मैत्रिणी कागदावर जोडपे होतात आणि लग्न न केलेली समलिंगी जोडपी गाळली जातात.

जपानी जनगणनेत विद्यार्थी वसतिगृहातील मुले ‘संस्थात्मक’ घरात मोडतात, पण कंपनीच्या वसतिगृहातील अविवाहित कामगार प्रत्येकी एक स्वतंत्र घर धरला जातो. वृद्धाश्रमातले लोक बहुतेक देशांत घरांच्या मोजणीतच येत नाहीत, त्यामुळे एकटे राहणारे आजोबा आश्रमात गेले की ‘एकट्याचे घर’ एकने घटते.

महाराष्ट्रातून मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या आईचे उदाहरण घ्या. दर दहा वर्षांनी होणारी तिथली जनगणना नेहमीचे राहते घर पाहते, म्हणून ती आई मोजली जात नाही. दरवर्षीचे ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ मात्र दोन महिन्यांहून अधिक मुक्काम असलेल्या माणसाला त्या घरात धरते. म्हणजे एकाच देशात, एकाच वर्षी, तेच घर एका मोजणीत दोन पिढ्यांचे आणि दुसरीत तीन पिढ्यांचे ठरू शकते.

एकट्याचे घर

सर्वांत ठळक वाढ या प्रकाराची आहे. अमेरिकेत १९६० मध्ये १३ टक्के घरांत एकच माणूस होता, २०२० मध्ये २७.६ टक्के. कॅनडात २०१६ च्या जनगणनेत हा प्रकार पहिल्यांदाच सर्वांत मोठा ठरला. जर्मनीत तो ४० टक्क्यांच्या वर आहे, जपानमध्ये २०२० साली ३८ टक्के. दक्षिण कोरियाची उडी सर्वांत मोठी : २००० मध्ये १५.५ टक्के, २०२३ मध्ये ३५.५.

हे टक्के घरांचे आहेत, माणसांचे नव्हेत. जपानमधील सुमारे ५.५७ कोटी घरांपैकी २.१२ कोटी घरे एकट्याची, पण १२.६ कोटी लोकसंख्येत एकट्याने राहणारे १७ टक्केच होतात. ‘दर पाचातले दोन जपानी एकटे राहतात’ असे मथळे म्हणूनच चुकतात. शिवाय या गटात तीन वेगवेगळी माणसे एकत्र कोंबलेली असतात : नोकरी-शिक्षणासाठी बाहेर पडलेले तरुण, घटस्फोटित किंवा अविवाहित मध्यमवयीन (यांत पुरुष जास्त), आणि विधवा वृद्ध स्त्रिया. तिघांच्या गरजा एकमेकांशी जुळत नाहीत. एकटे राहणे आणि एकाकी असणे ही एकच गोष्ट मानणे हीसुद्धा नेहमीची गल्लत. एकट्या राहणाऱ्या कित्येकांचा जोडीदार दुसऱ्या पत्त्यावर असतो. स्वीडिश लोक अशा जोडीदाराला ‘सेर्बू’ म्हणतात आणि एकत्र राहणाऱ्याला ‘साम्बू’.

लग्न, करार आणि नुसते एकत्र राहणे

लग्नाचे महत्त्व कमी होण्याला एकच कारण नाही. खात्रीची गर्भनिरोधके, स्त्रियांचा पगार, घटस्फोटाचे सुलभ कायदे (कॅलिफोर्नियात १९७० पासून दोषारोपाविना) आणि करपद्धती हे सगळे एकमेकांत गुंतलेले आहे. करपद्धतीकडे सहसा दुर्लक्ष होते. स्वीडनने १९७१ पासून नवरा-बायकोंवर स्वतंत्र कर लावला आणि एककमाई घराचा फायदा संपवला. जर्मनीत १९५८ पासून दोघांचे उत्पन्न एकत्र करून अर्धे-अर्धे धरतात. ज्या घरात एकाचीच कमाई मोठी, तिथे लग्नाने कर बराच वाचतो.

लग्न न केलेल्या जोडप्यांना कायदा किती ओळखतो, याबाबत देश फार वेगळे आहेत. फ्रान्सने १९९९ मध्ये ‘पाक्स’ हा नागरी करार आणला. मागणी प्रामुख्याने समलिंगी जोडप्यांची होती. आज नव्वद टक्क्यांहून अधिक पाक्स स्त्री-पुरुष जोडपी करतात आणि करारांची संख्या लग्नांच्या जवळ पोचली आहे. २०१७ पासून नोंदणी नगरपालिकेत होते. दोघांचे आयकरपत्रक एकत्र भरले जाते. मोडायचा असेल तर दोघांचे निवेदन पुरते, किंवा एकाने अधिकृत बजावणीदारामार्फत नोटीस द्यायची. न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. पण जोडीदार आपोआप वारस ठरत नाही आणि मागे राहिलेल्याला निवृत्तिवेतनाचा वाटा मिळत नाही. मृत्युपत्र केले असेल तर वारसाकर माफ, केले नसेल तर घर सासरच्यांकडे जाऊ शकते. सर्वाधिक फटका बसतो तो इथेच.

स्वीडनमध्ये नोंदणीचीही गरज नाही. २००३ चा साम्बू कायदा जोडपे एकत्र राहू लागले की आपोआप लागू होतो. वेगळे होताना दोघांच्या वापरासाठी घेतलेले राहते घर आणि घरसामान निम्मे-निम्मे वाटले जाते. वाटणीची मागणी वर्षाच्या आत करावी लागते. बँकेतली शिल्लक, गाडी, उन्हाळी कॉटेज यात येत नाही. जोडीदाराने आधीच घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेली व्यक्ती पंधरा वर्षे निम्मा हप्ता भरत राहिली, तरी या कायद्याने त्या फ्लॅटच्या किमतीत वाटा मागू शकत नाही. इंग्लंडमध्ये तर काहीच आपोआप मिळत नाही, आणि तरीही काही वर्षे एकत्र राहिले की लग्नासारखे हक्क लागतात असे तिथल्या सर्वेक्षणांत जवळपास निम्मे लोक सांगतात.

विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण फ्रान्समध्ये ६० टक्क्यांच्या आसपास, जपानमध्ये सुमारे २ टक्के आणि दक्षिण कोरियात ६ टक्क्यांच्या आत आहे. लग्ने सगळीकडे घटली, पण त्यातून निघालेली घरे वेगवेगळी. फ्रान्समध्ये लग्न न करता मुले वाढवणारे जोडपे दिसते. पूर्व आशियात लग्न नाही म्हणजे मूलही नाही. मग उरतो एका खोलीचा फ्लॅट किंवा आईवडिलांचे घर. जपानमध्ये पन्नाशीपर्यंत लग्न न झालेल्या पुरुषांचे प्रमाण १९८० मध्ये २.६ टक्के होते, २०२० मध्ये २८ टक्के.

दोन घरांतली मुले

घटस्फोटानंतर मूल आईकडे आणि वडील रविवारचे पाहुणे, ही रीत बदलते आहे. बेल्जियमच्या २००६ च्या कायद्याने एका पालकाने जरी मागणी केली तरी न्यायाधीशाने समान काळ दोघांकडे राहण्याची शक्यता आधी तपासावी, असे ठरवले. एक आठवडा इकडे, एक तिकडे ही व्यवस्था दोन्ही घरे शाळेच्या टप्प्यात असतील तरच टिकते. स्वीडनमध्ये मात्र मूल एकाच पत्त्यावर नोंदता येते. निम्मा महिना दोन मुलांना सांभाळणारा बाप त्यामुळे सरकारी आकड्यांत ‘एकटा पुरुष’ म्हणून उमटतो.

पुन्हा एका छताखाली

अमेरिकेत अनेक पिढ्यांच्या घरांत राहणारे १९७१ मध्ये ७ टक्के होते, २०२१ मध्ये १८. आशिया व लॅटिन अमेरिकेतून आलेले स्थलांतरित, घरांच्या किमती आणि लांबलेली लग्ने ही त्यामागची कारणे. युरोपात आईवडिलांचे घर सोडण्याचे सरासरी वय फिनलंडमध्ये २१, तर इटली-स्पेनमध्ये ३०. उत्तरेत विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर अनुदान व कर्ज मिळते, भाड्याची घरेही सापडतात. दक्षिणेत पहिली नोकरी तात्पुरती आणि घर घ्यायचे तर विकतच. जपान याच्या उलट दिशेला गेला : १९८० मध्ये वृद्ध असलेल्या घरांपैकी निम्मी तीन पिढ्यांची होती, २०१९ मध्ये ९.४ टक्के.

खर्च, घरबांधणी आणि कागदपत्रे

घर फुटले की तेवढ्याच पगारात भागत नाही. घरातील माणसांच्या गरजेनुसार उत्पन्न तोलणाऱ्या युरोपीय संघाच्या मोजपट्टीत पहिल्या प्रौढाला १, चौदा व त्याहून जास्त वयाच्या पुढच्या प्रत्येकाला ०.५ आणि त्याखालील मुलाला ०.३ गुण देतात. जोडपे आणि दोन लहान मुले म्हणजे २.१. समजा उत्पन्न ४,२०० युरो, म्हणजे दर गुणाला २,०००. जोडपे वेगळे झाले; बाप २,४०० मिळवतो व एकटा राहतो, आई १,८०० मिळवते व मुले तिच्याकडे आहेत. पोटगी सोडून पाहिले तर बापाचा आकडा २,४०० होतो, आईचा १,८०० भागिले १.६, म्हणजे १,१२५. गुणांची बेरीज २.१ वरून २.६ झाली. एकल मातांच्या गरिबीचा मोठा भाग या साध्या भागाकारात आहे.

लोकसंख्या घटत असतानाही घरे वाढत राहतात. जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास शिखरावर होती. घरांची संख्या मात्र २०१५ च्या ५.३३ कोटींवरून पाच वर्षांत ५.५७ कोटींवर गेली. त्याच वेळी सुमारे ९० लाख घरे रिकामी पडली आहेत (२०२३). ती बरीचशी जुनी, मोठी आणि गावाकडची. मागणी आहे ती शहरातल्या लहान फ्लॅटची. शिवाय एकट्या वृद्धाला तो भाड्याने देताना मालक कचरतात, कारण आत मृत्यू झाला तर सामान कोणी हलवायचे आणि जामीन कोण, हा प्रश्न असतो. रुग्णालयेही जामीनदार मागत आली. तो नाही म्हणून रुग्णाला दाखल करून घ्यायचे नाकारता येणार नाही, असे आरोग्य मंत्रालयाला २०१८ मध्ये परिपत्रक काढून सांगावे लागले. सरकारी अंदाजानुसार २०५० मध्ये जपानमधील ४४.३ टक्के घरे एकट्याची असतील, आणि त्यांतील वृद्धांपैकी पुष्कळांचे कधी लग्नच झालेले नसेल, म्हणजे जामीन राहायला ना जोडीदार ना मूल. जामिनाची जबाबदारी शुल्क घेऊन उचलणाऱ्या संस्था म्हणूनच तिथे वाढत आहेत.